हिवाळ्याआधीची शिल्लक : वऱ्हाडातील सरपणाचा न लिहिलेला इतिहास

वऱ्हाडाचा इतिहास म्हटले की आपल्यासमोर प्रथम कापूस उभा राहतो. त्यात गैर काही नाही. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला, त्यामागे फौजेच्या थकलेल्या खर्चाचे जे निमित्त होते त्याच्या आड कापसाची भूक होती, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि अमरावती, खामगाव, अकोला ही नावे इंग्लंडच्या व्यापारी वर्तमानपत्रांत झळकू लागली. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. १८९७ साली कापूस व धान्याच्या बाजारांसाठी वऱ्हाडात स्वतंत्र कायदा झाला. नियंत्रित बाजारपेठेच्या भारतातील इतिहासाची सुरुवात अभ्यासक या कायद्यापासून धरतात. कापसाच्या गाठी किती बांधल्या, कोणत्या दराने विकल्या, कोणत्या स्थानकावरून चढवल्या, याच्या नोंदी आजही काढून पाहता येतात.

परंतु ज्या झाडाला ते बोंड लागले, त्या झाडाचे पुढे काय झाले? बोंडाची नोंद आहे, काडीची नाही. आणि वऱ्हाडातील लक्षावधी घरांची चूल शंभर-दीडशे वर्षे पेटती राहिली ती या काडीवर, म्हणजे पऱ्हाटीवर. हा विरोध आम्हांला अलीकडे फार जाणवू लागला आहे. आम्ही दोघे मराठी शिकवणारे. एकाचे घर अमरावतीत, दुसऱ्याचे अकोल्यात. इतिहास हा आमचा विषय नव्हे. तरीही सरपणाविषयी काही लिहावे असे का वाटले, त्याचे कारण एका वर्गात घडलेल्या संभाषणात आहे.

१

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीआधी आम्ही पदव्युत्तर वर्गाला एक साधा स्वाध्याय दिला होता. घरातील सर्वांत वयस्क स्त्रीशी बोलावे आणि पूर्वी हिवाळ्याची तयारी कशी होत असे, ते तिच्याच बोलीत लिहून आणावे. आमची अपेक्षा गोधड्या, हुरडा, तिळाचे पदार्थ अशा नेहमीच्या गोष्टींची होती. सुटीनंतर जे कागद आले त्यांतल्या बहुतेकांत या गोष्टी होत्याच. पण निम्म्याहून अधिक कागदांत आजी प्रथम बोलली होती ती सरपणाविषयी. एका मुलीने आपल्या आजीचे वाक्य जसेच्या तसे उतरवले होते : "दिवाईले पऱ्हाटी वावरात उभी रायते बापा, चुलीत काय घालाचं?"

आम्ही या वाक्यापाशी थबकलो. दिवाळी हा सुगीचा, समृद्धीचा सण असे आपण शिकवतो. आणि ही वृद्धा सांगत होती की घरातले जळण वर्षात सर्वांत कमी असते ते याच दिवसांत. थंडीची चाहूल लागलेली, फराळाच्या कढया चढायच्या, आणि सरपणाची जागा रिकामी. असे का व्हावे, याचा उलगडा करायचा तर वऱ्हाडातील सरपणाचे वर्ष समजून घ्यावे लागते. ते पंचांगातल्या वर्षाहून वेगळे आहे.

हे वर्ष सुरू होते उलंगवाडीपासून. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेत मोकळे करणे म्हणजे उलंगवाडी. माघ-फाल्गुनात पऱ्हाटी उपटली जाते. जमीन तोवर कडक झालेली असते, मुळे खोल गेलेली असतात; उपटणाऱ्याच्या हाताची साले निघतात. उपटलेली पऱ्हाटी गाडीत घालून घरामागे, गोठ्याशेजारी किंवा धुऱ्यावर रचली जाते. तिच्या जोडीला तुरीच्या तुराट्या येतात. पण त्यांचा पहिला मान कुडाला आणि छपराला, उरलेल्या चुलीला. ज्वारीचा कडबा जनावरांचा, तुरी-हरभऱ्याचे कुटार जनावरांचे; ज्वारीची धसकटे मात्र वेचून आणली तर चुलीची. धुऱ्यावरची बाभूळ ही ठेव. ती सहसा मोडायची नाही, लग्नकार्य निघाले तरच.

दुसरा साठा गोवऱ्यांचा. पाऊस थांबून ऊन स्थिर झाल्याखेरीज गोवऱ्या थापता येत नाहीत. म्हणून ते काम कार्तिकानंतर सुरू होते आणि उन्हाळ्यात पुरे होते. होळीच्या सुमारास मुले शेणाच्या भोक पाडलेल्या चाकोल्या करून त्यांच्या माळा ओवतात, तो या कामाचाच खेळकर भाग म्हणावा लागेल. होळीसाठी लाकडे आणि गोवऱ्या चोरण्याची जी मुभा आपल्याकडे आहे, तिचाही अर्थ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. एका रात्रीपुरती चोरी क्षम्य ठरवावी लागते, त्याअर्थी उरलेले वर्षभर त्या वस्तूवर कडक पहारा असला पाहिजे.

मृगाच्या आधी हे सारे झाकून, छपराखाली घेऊन ठेवायचे. मग चार महिने त्यातून खर्च. आत भर काहीच नाही, कारण ओल्या पऱ्हाटीला हिरवी बोंडे लागलेली, शेण चिखलात मिसळलेले आणि लाकूड भिजलेले. आश्विन येईपर्यंत साठा तळाला जातो. नवी पऱ्हाटी मोकळी व्हायला अजून तीन-चार महिने असतात. म्हणजे हिवाळा दाराशी येतो त्याच वेळी शिल्लक सर्वांत कमी असते. आजीचे ते एक वाक्य म्हणजे या साऱ्या वर्षाचा ताळेबंद होता.

२

हा ताळेबंद केवळ निसर्गाने ठरवलेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. पऱ्हाटीवर चूल पेटवणे ही काही वऱ्हाडची अनादि रीत नव्हे. उत्तरेला गाविलगडच्या डोंगररांगा आणि मेळघाटचे सागवानी जंगल, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मधे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन, असा हा प्रदेश आहे. या सपाटीवर गावाभोवती पडीक जमीन, चराऊ राने आणि बाभळीची बने होती. कापसाचे क्षेत्र वाढत गेले तशी ही पडीक राने नांगराखाली आली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात (१९९७) आणि नंतर मध्य भारतातील गुरे व पर्यावरण यांवरील ग्रंथात (२००४) ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. नगदी पीक वाढले, सामाईक जमीन आटली आणि गुरांचा चारा तुटला, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू इच्छितो की चाऱ्याबरोबर सरपणही तुटले.

दुसऱ्या बाजूने जंगल बंद होत होते. १८६० च्या दशकापासून मेळघाटातील जंगल राखीव करण्यास सुरुवात झाली. रेल्वेला शिळपट हवे होते, इमारतींना सागवान हवे होते. पुढे वऱ्हाडसाठी स्वतंत्र वनकायदा झाला आणि सरकारी जंगलांची वर्गवारी करण्यात आली : एक वर्ग इमारती लाकूड व सरपणाचा, दुसरा गवताच्या रमण्यांचा व बाभुळबनांचा, तिसरा चराईचा. सपाटीवरच्या गावाशेजारचे बाभुळबनही अशा रीतीने सरकारी खात्यात जमा झाले. काल ज्या बनातून मोळी आणली त्यासाठी आज परवाना आणि पैसा लागू लागला. आजही वऱ्हाडात गावाशेजारच्या सरकारी पडीक जमिनीला लोक 'ई-क्लास' म्हणतात. इंग्रजी महसुली खात्याचे हे अक्षर खेड्यातील निरक्षर माणसाच्याही तोंडी बसले आहे. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दाकडे जरूर पाहावे. शासनाने जमिनीशी केलेला व्यवहार बोलीत किती खोल उतरतो, याचा तो पुरावा आहे.

अशा रीतीने जंगल दूर गेले, पडीक रान कापसाखाली गेले आणि चुलीला उरले ते कापसाचेच झाड. ज्या पिकाने लाकूड हिरावले त्याच पिकाने काडी दिली. एका हेक्टरमागे साधारणपणे दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते आणि तिची ज्वलनशक्ती चांगल्या लाकडाच्या तोडीची असते, असे कापूस संशोधक सांगतात. कोरडवाहू शेतात ती कमी निघत असणार हे उघड आहे. तरीही कापूस पिकवणाऱ्या घराला ती पुरत असे. ज्याचे शेतच नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र इथेच उभा राहतो.

विद्यार्थ्यांच्या कागदांतून याचे उत्तर तुटक तुटक मिळत गेले. भूमिहीन मजूर दुसऱ्याच्या शेतातील पऱ्हाटी उपटून देत आणि मजुरीऐवजी किंवा मजुरीचा भाग म्हणून तिचा हिस्सा नेत. कुठे निम्मा, कुठे त्याहून कमी. स्त्रिया आणि मुले रानात फिरून वाळलेले शेण वेचत. या रानगोवऱ्यांवर कोणाचीही मालकी नसे, पण कोणी कोणत्या शेतात शिरावे याचे अलिखित नियम असत आणि ते नियम जातीपासून वेगळे नसत. ज्याच्या घरी बैल नाहीत त्याच्या घरी शेण नाही. ज्याच्या घरी शेण नाही त्याच्या घरी गोवरी नाही. १८९९-१९०० च्या महादुष्काळात वऱ्हाडातील गुरे मोठ्या संख्येने मेली. त्या वर्षीच्या धान्याचा आणि मृत्यूंचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. परंतु गुरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, जेव्हा कापूसही पिकलेला नव्हता आणि शेणही नव्हते, तेव्हा मिळालेली मूठभर ज्वारी लोकांनी कशावर शिजवली असेल? हा प्रश्न विचारला की दुष्काळाचे आणखी एक अंग दिसू लागते.

३

शेण जाळावे की शेतात घालावे, हा वाद त्या काळी सरकारदरबारीही चालला होता. जॉन व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी बोलावण्यात आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालातील सरपणाविषयीचे प्रतिपादन आजही वाचण्याजोगे आहे. शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, त्याला लाकूड मिळत नाही म्हणून. तेव्हा गावालगत सरपणासाठी व चाऱ्यासाठी राने राखावीत, असे त्याचे मत होते. ज्या काळात एतद्देशीय शेतकऱ्याच्या आळसावर अहवालामागून अहवाल निघत होते, त्या काळात हे म्हणणे वेगळे ठरते.

पुढे १९२४ ते १९३१ या वर्षांत, वऱ्हाडापासून फार दूर नसलेल्या इंदूरला, अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. त्यांच्या १९३१ च्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. हॉवर्डांपुढची एक अडचण पऱ्हाटीची होती. ती आणि तुराटी लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्याव्यात, मग खताच्या खड्ड्यात घालाव्यात, असा मार्ग त्यांनी काढला. शास्त्रज्ञाला पऱ्हाटी खतासाठी हवी होती, बाईला चुलीसाठी. खत केले तर पुढच्या वर्षीचे पीक चांगले, पण आज संध्याकाळी भाकरी कशावर भाजायची? हा प्रश्न खताच्या पुस्तकात येत नाही.

सरपणाचे राजकारण १९३० साली काही काळ उघडपणे पृष्ठभागावर आले. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह कसा करायचा, हा पेच होता. अकोला जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दहीहंडा येथे विहिरींचे खारे पाणी उकळून मीठ करण्यात आले. समुद्रकाठी ऊन जे काम करते, ते इथे जाळाला करावे लागले. त्या सत्याग्रहाच्या वर्णनांत पुढाऱ्यांची नावे असतात, गर्दी असते, घोषणा असतात. कढईखालची काडी कोणाच्या घरून आली, हे आमच्या वाचनात आलेले नाही. पावसाळा लागला तसा सत्याग्रह जंगलाकडे वळला. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडण्यात आला. मिठानंतर जंगल हा क्रम केवळ ऋतूमुळे आला असे म्हणता येणार नाही. चूल, गोठा आणि रान यांच्यावरचा हक्क गेल्याची सल लोकांच्या मनात साठ-सत्तर वर्षे होती, म्हणूनच ही हाक त्यांना इतकी लवकर कळली.

४

साहित्याचे अध्यापक म्हणून आमच्यापुढे यानंतरचा प्रश्न असा की या सगळ्याचे पडसाद आपल्या वाङ्मयात कुठे आहेत? थोडा शोध घेतला तर ते सापडतात. पण सापडतात ते कडेला.

दासगणूंचा 'श्रीगजाननविजय' (१९३९) वऱ्हाडातील घरोघरी वाचला जातो. त्यात शेगावच्या जानकीराम सोनाराची कथा आहे. चिलमीसाठी विस्तव हवा म्हणून मुले सोनाराकडे जातात आणि अक्षय्य तृतीयेचा सण असल्याने तो विस्तव देण्यास नकार देतो. पुढे जे घडते ते भाविकांना पाठ आहे, त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे लक्ष वेधले ते कथेने गृहीत धरलेल्या समाजरीतीने. शेजारच्या घरून विस्तव मागून आणणे ही रोजची गोष्ट होती. आणि सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर जाऊ देऊ नये, असा संकेतही होता. म्हणजे घरातील अग्नी हा सामाईकही होता आणि राखायचाही होता. काडेपेटीने ही रीत संपवली. तिचा एक ठसा पोथीत राहिला, कारण कथेला त्याची गरज होती.

उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० साली आलेली कादंबरी वऱ्हाडी बोलीचे आणि वऱ्हाडी दारिद्र्याचे मराठीतील श्रेष्ठ चित्रण मानली जाते. कौतिकच्या सोसण्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. शीर्षकाचा अर्थ सांगताना मात्र आपण बहुधा लगेच रूपकाकडे जातो : परिस्थितीची धग, दारिद्र्याची धग. धग हा आधी चुलीपुढचा शब्द आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायचे आपण विसरतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला जाळ दिसतो त्याआधी धग लागते. हा शाब्दिक अर्थ धरून कादंबरी पुन्हा वाचली तर तिच्यातील घर अधिक जवळचे वाटू लागते, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.

आणि भाषेने तर चुलीचे कितीतरी सांभाळून ठेवले आहे. घरोघरी मातीच्या चुली, सुक्याबरोबर ओलेही जळते, गोवऱ्या मसणात जाणे. यांतला शेवटचा वाक्प्रचार ऐकताना आपल्याला म्हातारपण आठवते, पण त्यामागे एक ठोस व्यवहार आहे. घरातील गोवऱ्यांच्या राशीचा एक भाग शेवटच्या प्रवासासाठी असे. पावसाळ्याच्या अखेरीस, साठा तळाला गेलेला असताना घरात मृत्यू झाला तर गरिबाला शेजाऱ्यांकडून गोवऱ्या मागून आणाव्या लागत. त्या परत करण्याचा हिशेब बायका तोंडी ठेवत. हे आम्हांला ज्या कागदात वाचायला मिळाले, तो लिहिणारा मुलगा वर्गात फारसा बोलत नसे.

५

गावाकडून शहराकडे आले की चित्र बदलते. अमरावती आणि अकोला या शहरांत लाकडाच्या टाली होत्या, कोळशाच्या वखारी होत्या, आरागिरणीचा भुसा ठासून भरायची पत्र्याची शेगडी होती. शेगडीत भुसा भरताना मधे बाटली उभी धरायची आणि मग ती अलगद काढून घ्यायची, ही कला आमच्या पिढीच्या मुलांना येत असे. घासलेटासाठी डबा घेऊन शिधापत्रिकेच्या रांगेत उभे राहणे हाही आमच्या बालपणाचा भाग होता. शहरातील मध्यमवर्गाचा साठा अशा रीतीने वखारीत आणि दुकानात असे, घरात नव्हे. आणि त्याची चणचण ऋतूवर कमी, पुरवठ्यावर अधिक अवलंबून असे.

कोळसा इथे पूर्वेकडील वर्धा खोऱ्यातून रेल्वेने येतो. आगगाडी, वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि पुढे वीज, अशा क्रमाने त्याने इथे जम बसवला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' ही अरुंद मापाची गाडी कापूस वाहण्यासाठीच काढलेली होती. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. त्या काळात रुळांच्या कडेने अर्धवट जळालेले कोळसे वेचणारी मुले असत, असे मूर्तिजापूरकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला सांगितले. कापूस वाहून नेणाऱ्या इंजिनाच्या राखेतही कोणाच्या तरी घराची शेगडी पेटत होती.

अकोला जिल्ह्यातील पारस येथे १९६० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. जुने संच पुढे बंद झाले आणि २००८ व २०१० साली प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले. अमरावतीजवळ नांदगाव पेठेतही खाजगी वीजप्रकल्प झाला. या केंद्रांच्या कोळशाचा साठा रोज मोजला जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातील प्रत्येक केंद्रापाशी किती टन कोळसा आहे आणि तो किती दिवस पुरेल, याचा तक्ता दररोज प्रसिद्ध करते. खाणीपासून दूर असलेल्या केंद्राने महिन्यापरत्वे २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा, असा दंडक डिसेंबर २०२१ मध्ये घालून देण्यात आला.

हा दंडक घालावा लागला, कारण त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातील केंद्रांचा साठा सरासरी सुमारे चार दिवसांवर आला होता. विजेची मागणी एकाएकी वाढली होती, परदेशी कोळसा महागला होता आणि लांबलेल्या पावसाने खाणींत पाणी साचले होते. पावसाळ्याआधी जो साठा करून ठेवायला हवा होता तो झाला नव्हता. वर्तमानपत्रांत हे वाचताना आम्हांला त्या आजीचे वाक्य आठवले. महिना तोच, आश्विन. एक कारणही तेच, पाऊस. चार महिने खर्च होत राहिला आणि भर पडली नाही. देशाच्या वीजव्यवस्थेला जो धडा आकडेवारीतून गवसला, तो वऱ्हाडातील प्रत्येक बाई दरवर्षी परसात पाहत आली होती. तिच्याकडे तक्ता नव्हता. पऱ्हाटीच्या राशीकडे नजर टाकून ती किती दिवस पुरेल हे सांगत असे, आणि तिचा दंडक वीस-सव्वीस दिवसांचा नव्हता, आठ-नऊ महिन्यांचा होता.

६

ही तुलना लिहून झाल्यावर आमच्या दोघांत मतभेद झाला. तो इथे लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकाला असे वाटले की हे लेखन चुलीचा गौरव करण्याकडे झुकते आहे. ज्या आजीच्या शहाणपणाबद्दल आपण बोलतो तिचे डोळे धुराने गेले, तिची छाती धुराने भरली, तिची शाळा गोवऱ्या वेचण्यात गेली. हा आक्षेप खरा आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वऱ्हाडातील कितीतरी घरांत प्रथमच गॅसची टाकी आली, ही बाईच्या आयुष्यातील मोठी सुटका होती. चुलीची आठवण काढताना तिचे मोल कमी लेखू नये. मात्र टाकी संपल्यावर पुन्हा भरण्याचे पैसे नसले की चूल परत पेटते, हेही तितकेच खरे. त्यामुळे आज अनेक घरांत गॅस आणि चूल शेजारी शेजारी आहेत. चहा गॅसवर, अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर.

मधल्या काळात पऱ्हाटीवर नवे संकट आले. २००२ नंतर बीटी कापूस आला. पीक लांबवून फरदड घेण्याचा मोह वाढला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस उद्ध्वस्त केला. तेव्हापासून कृषी खाते आणि कृषी विद्यापीठ सांगत आहे की हंगाम वेळेवर संपवा, पऱ्हाटी शेतात किंवा धुऱ्यावर रचून ठेवू नका. वाळलेल्या पऱ्हाटीवर राहून गेलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या पिकावर उतरते. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. पण ज्या राशीकडे बाई वर्षाची शिल्लक म्हणून पाहत होती, ती आता किडीचे घर ठरली. ट्रॅक्टर असणारा शेतकरी पऱ्हाटी यंत्राने बारीक करून जमिनीत गाडतो. हॉवर्डांना जे चाकांखाली करावे लागले ते आता यंत्र करते. मजुराचा उपटण्याचा रोजगार गेला आणि त्याबरोबर मिळणारा पऱ्हाटीचा हिस्साही गेला.

इकडे औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर ५ टक्के शेतमालाचे अवशेष जाळावेत, असे धोरण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्येच जाहीर केले. त्याच्या मुदती पुढे बदलत गेल्या. पऱ्हाटीच्या कांड्या करणारे उद्योगही निघाले आहेत. म्हणजे जी काडी कधी कोणत्या वहीत चढली नाही ती आता वजनकाट्यावर येत आहे, तिला भाव येत आहे, तिची नोंद होणार आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. परंतु नोंद सुरू होते ती वस्तू बाजारात गेल्यावर. त्याआधीची शंभर-दीडशे वर्षे, जेव्हा ती फक्त घरात जळत होती, तेव्हा तिची मोजदाद करणाऱ्या बायका कोणत्याच वहीत नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकाच्या इंधनाचा रकाना होता : लाकूड, पिकांचे अवशेष, गोवऱ्या, कोळसा, घासलेट, गॅस. कोणते जळण, एवढे त्यात विचारले गेले. किती साठवले, कोणी आणले, कोणत्या महिन्यात संपले, हे विचारण्याची त्यात सोय नव्हती.

ही माहिती आता फक्त काही माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. आपण मराठीचे अध्यापक दरवर्षी बोलीविज्ञानाचे आणि लोकसाहित्याचे प्रकल्प देतो. त्यांत ओव्या येतात, उखाणे येतात, म्हणी येतात. त्यांच्याबरोबर एक प्रश्न वाढवला तर काय हरकत आहे? तुमच्या घरी जळण कुठून येत असे, कोण आणत असे, कधी संपत असे, आणि संपल्यावर काय करत असत. यातून कदाचित काही नवे शब्द मिळतील. कदाचित एखाद्या गावातील ई-क्लास जमिनीचा, एखाद्या बाभुळबनाचा इतिहास लागेल. निदान कापसाच्या इतिहासाला एक पुरवणी जोडता येईल.

त्या मुलीच्या आजी गेल्या वर्षी वारल्या. शेवटची दोन वर्षे घरात गॅस होता, चूल नव्हती. तरीही दसरा झाला की त्या परसात जाऊन एकदा पाहून येत, असे मुलीने सांगितले. तिथे रचलेले काहीच नसे. त्या तशाच परत येत आणि सुनेला टाकीबद्दल विचारत, "अजून किती दिवस पुरंल?"